अकरा वर्षांची चेष्टा

नर्मदेकाठची लेक गोदेकाठी नांदायला आली ती १९९२ साली. नाव रोशनी. माहेर होशंगाबादचे, घर मराठी, पण शाळा हिंदी. म्हणून तिची कविता आली ती हिंदीतूनच. देव ज्या रूपात प्रथम भेटतो, त्याच रूपावर जीव जडतो, भाषेचेही तसेच.

सासू विठाबाई साठीला टेकलेल्या. पुढच्याच वर्षी सातपूरच्या मारुती मंदिरात साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा पाटी घेऊन पहिल्या त्याच जाऊन बसल्या. डोळे मिटण्याआधी पोथी स्वतः वाचावी, एवढीच आस. भाकऱ्या थापून राठ झालेली बोटे. 'वि'ची वेलांटी रोज उलटी पडे. त्या थुंकीने पुसत, पुन्हा काढत. ते पाहता पाहता सुनेचे डोळे भरले, आणि कविता उतरली. एका हिंदी मासिकाने छापली: 'सास की चेष्टा'.

शेजारच्या भिमाजींनी मथळा वाचून अंगणातूनच हाळी दिली, "विठाबाई, सूनबाईंनी तुमची चेष्टा छापून आणली बरं का!"

पाटी माळ्यावर गेली.

"आई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न," रोशनी काकुळतीला आली.

"आन् मराठीत काय, ते लय चांगलं कळतं मला! माझ्याच घरात बसून मलाच हसती व्हय?"

"मथळा बदल, विषय संपव," नवरा मनोज वैतागला.

"शब्द खरा आहे. नाही बदलणार."

मग सुरू झाले वैर. सुनेच्या हातचा पाण्याचा तांब्याही सासूने घेतला नाही. वही दिसली की टोमणा ठरलेला, "लिहा, कवयित्रीबाई, आमचं मरणबी लिहा!" रोशनी लिहीतच राहिली, विठाबाई मात्र पाटीकडे फिरकल्या नाहीत.

२००४ साली नात तृप्ती पाचवीत गेली, हिंदी सुरू झाली. ती शब्दार्थ घोकू लागली, "चेष्टा, प्रयत्न. चेष्टा, प्रयत्न."

विठाबाईंच्या हातातली वात वळायची थांबली. "कोणी शिकवलं? तुझ्या आईनं?"

"नाही गं आजी, शाळेच्या पुस्तकातच आहे."

त्यांनी वात खाली ठेवली. मग आतल्या दिशेने ओरडल्या, "ए बये, आण ती तुझी कविता. समदी वाच."

रोशनीने वाचली, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगत. उलटी वेलांटी, पुसलेली वेलांटी, पुन्हा वेलांटी. हसू कुठेच नव्हते.

"अकरा वर्षं!" विठाबाई कडाडल्या. "तुझ्या एका शब्दापायी माझी पोथी राहिली!"

"चुकलं, आई."

"चुकलं काय म्हणती? माळ्यावरची पाटी काढ."

वेलांटी पुन्हा उलटीच पडली. थुंकीने पुसली, पुन्हा काढली.

"बघत काय बसलीस? पुढचं अक्षर सांग."