टिपाडातली गाठ

अप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटाचं पेर वाजवायचे, तिला कान लावायचे आणि मग घरमालकाशी बोलायचे. लाकूड पसंत पडलं तर "बोलकं हाय", नाही तर "मुकं हाय". लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या ऑर्केस्ट्राला लाउडस्पीकरची परवानगी मागायला आम्ही दोघं कलेक्टर कचेरीत गेलो होतो. या गृहस्थांनी थेट साहेबांच्या टेबलाला कान लावला. साहेब दचकून उभे राहिले. "टेबल नवं हाय साहेब, पण मुकं हाय," अप्पा म्हणाले. परवानगी मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

अप्पा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे आणि मी गायचे. अप्पांचं घर लिंगायत वाण्याचं, धंदा भुसाराचा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि हातात ते विलायती वाद्य बघून चाकूरहून आलेले पाहुणे तोंडात बोट घालायचे. मी शाळेत मास्तरीण. स्टेजवर गाते म्हणून निम्मं गाव माझ्याशी धड बोलत नव्हतं. अप्पा म्हणायचे, "ताई, तुमचा गळा बोलका हाय. गाव असू द्या मुकं." त्या दिवसांत मला तेवढं पुरायचं. त्यांची माया मी विसरणार नाही.

जिल्हा मिळाला, पण पाऊस काही मिळाला नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले, लग्नं चार माणसांत उरकू लागली आणि आमचे कार्यक्रम बंद पडले. त्यातच औशाहून परतताना आमची जीप उलटली. माणसं वाचली, पण अप्पांच्या गिटारचं धड उभं फुटलं. मान, तारा आणि आवाज पकडणारे पिकअप तेवढे शाबूत राहिले. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने निरोप पाठवला होता की, गणपतीत स्वतःची गिटार घेऊन उभा राहिलास तर जागा तुझी. इकडे अप्पांचे वडील म्हणत होते, पुरे झाले हे तमाशे, दुकानाच्या गादीवर बस. अप्पांनी वडिलांसमोर लिंगावर हात ठेवला आणि शब्द दिला, "गणपतीत जमलं तर माझं, न्हाई जमलं तर जल्मभर दुकान." लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द त्यांच्यात कुणी मोडत नाही.

चाकूरच्या त्यांच्या शेताच्या बांधावर एक बाभूळ वाळली होती. तिच्या खोडाला घागरीएवढी गाठ होती. अप्पा ती कापून गाडीत घालून घेऊन आले. मधोमध चिरली तर आत तांबड्या-काळ्या रेषांचे भोवरे. त्यांनी पेर वाजवलं, कान लावला. मग म्हणाले, "ताई, असलं बोलकं लाकूड मी बघितलं न्हाई."

औशाला बैलगाडीची चाकं करणारे एक मिस्त्री होते. ते गिटारचं धड करायला तयार झाले, पण त्यांची एक अट होती. "बाभळीला पाणी पाजावं लागतं, अप्पा. एक पावसाळा तळ्यात बुडवून ठिवा. न्हाई तर भुंगा पीठ करून टाकतो." अप्पा हसले. तळ्यात तेव्हा भेगा पडल्या होत्या आणि भेगांमधून पोरं चेंडू खेळत होती.

मग अप्पांनी जे केलं ते आमच्याकडच्या दुष्काळातला माणूसच करू जाणे. टँकरचं पाणी साठवायचं घरातलं टिपाड होतं, त्यात त्यांनी गाठीचा अर्धा भाग बुडवला; दुसरा अर्धा परसात पडून राहिला. आठवडाभरात पाणी चहासारखं लाल झालं. तुरट तर इतकं की धाकटी पोरगी पेला तोंडाला लावून रडायला लागायची. अप्पांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, आधी फडक्याने गाळून पाहिलं, मग उकळून पाहिलं. शेवटी एका दुपारी, माझ्यादेखत, त्यांनी ती गाठ दोन्ही हातांनी उपसली आणि अंगणात आदळली. "लेकरं काय लाकूड पिऊन जगतील व्हय? गिटार पायजे का पोरं पायजेत, ते एकदा सांगा!"

अप्पांनी गाठ उचलली. "तुझं खरं हाय," एवढंच म्हणाले आणि औशाची गाडी पकडली. वहिनींचं खरंच होतं. आजही मला दुसरं काही म्हणवत नाही.

मिस्त्रींनी कुरकुरत का होईना काम घेतलं आणि श्रावणात गिटार तयार झाली. अंगावर ते भोवरे, वर मिस्त्रींनी दिलेली चकाकी. अप्पांनी तारा छेडल्या तशी पोरं भोवती गोळा झाली. वहिनीसुद्धा चूल सोडून दारात आल्या. पण थोड्याच दिवसांत गिटारच्या पेटीच्या तळाशी बेसनासारखं पिवळं पीठ दिसायला लागलं. अप्पा डॉक्टरांकडून सुई आणून भुंग्याने पाडलेल्या भोकाभोकात रॉकेल सोडू लागले. वर मेण भरायचे. सकाळी पुन्हा पीठ. त्यांच्या कपड्यांना रॉकेलचा वास आणि डोळ्यांत झोपेचा पत्ता नाही. "धरून राहा बाई, तेवढे गणपती होऊ दे," असं त्या लाकडाशी बोलताना मी त्यांना ऐकलं आहे.

नांदेडला मी आणि वहिनी ऐकायला गेलो होतो. पहिलं गाणं असं वाजलं की मालकाने स्वतः मान डोलावली. दुसऱ्या गाण्यात ओढीने तारा अडकवलेली खालची पट्टी लाकडासकट उपटून आली. आतलं सगळं पीठ अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उधळलं. पुढच्या रांगेला वाटलं, भंडारा उधळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात आणि अजून संताप येतो.

परतीच्या एसटीत अप्पा हलक्या आवाजात मला म्हणाले, "टिपाडात अजून थोडे दिवस ऱ्हायलं असतं तर..." आणि पलीकडे वहिनी बसल्यात हे लक्षात येऊन थांबले. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्या विषयावर त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

अप्पा गादीवर बसले ते कायमचे. दुकान नीट चालवलं, पोरींची लग्नं केली. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही चौकटीवर पेर वाजवलेलं मी पाहिलं नाही. माझ्या नव्या घरी आले तेव्हा मी मुद्दाम सागवानी दाराजवळ घुटमळले. ते चपला काढून सरळ आत आले.

अप्पा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हा मी वहिनींना भेटायला गेले. वहिनी मला परसात घेऊन गेल्या. तेच टिपाड, गंजलेलं, पण काठोकाठ भरलेलं. पाणी लाल. त्यांनी बाही वर करून गाठीचा उरलेला अर्धा भाग वर काढला.

"नांदेडहून आलो तवापासून बुडवून ठिवलाय," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी आलं की आधी ह्यात वतते. त्यायला ठाव होतं. कधी बोलले न्हाईत." त्यांनी ते ओलं लाकूड माझ्यापुढे धरलं. "मला त्यातलं काय कळत न्हाई, ताई. तुमी वाजवून बघा की. बोलकं हाय का वं?"

मी पेर वाजवलं आणि कान लावला. पाण्याने फुगलेल्या लाकडातून काहीच आलं नाही.

"हाव, वहिनी," मी म्हणाले, "लई बोलकं हाय."