भोंग्याच्या घरी न केलेला फोन

माझी मोठी आत्या एकेकाळी आमच्या गावची स्टार होती. खोटं नाही सांगत. तेव्हा लोकल केबलवर रोज संध्याकाळी गावच्या बातम्या लागायच्या आणि त्या ती वाचायची. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खोदलाय, कोणाचा कुत्रा हरवलाय, कोण वारलं. मग अर्धा तास गाणी, लोकांनी फोन करून सांगितलेली. आजही भाजी घेताना कोणीतरी म्हणतंच, "अहो, तुम्ही बातम्यांवाल्या ना?" आणि आत्या लगेच पिशवी उचलून चालायला लागते. मला वाटायचं लाजते. लाजायची कसली, पळायची.

स्टुडिओ म्हणजे मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला खिळे मारून लावलेला निळा पडदा, दाराला आवाज अडवायला टांगलेली गोधडी आणि एक टेबल. आवाज नको म्हणून बातम्यांच्या वेळी पंखा बंद. वर आत्याचा इस्त्रीचा कोट, खाली घरातल्या स्लिपर, घामाने नुसती आंघोळ. हे सगळं ती इतकं मस्त सांगते की हसून पोट दुखतं. फक्त एक गोष्ट ती कधीच सांगत नाही, आणि गावाला नेमकी तीच पाठ आहे.

भोंगा म्हणजे गावच्या ऑर्केस्ट्रातला ट्रम्पेटवाला. त्याचं खरं नाव त्याच्या आईशिवाय कोणी घेत नसेल. तर एकदा आत्याने बातम्यांमध्ये वाचलं की भोंगा हॉस्पिटलमध्ये वारला. आणि भोंगा तिथे पलंगावर बसून चहा पीत होता! त्याच दुपारी स्टेजवरून पडला होता, खांद्याचं हाड मोडलं होतं, बस. हा किस्सा मी लहानपणापासून ऐकत आलेय. गावात कोणी उशिरा आलं की अजून म्हणतात, "आम्हाला वाटलं तुझा भोंगा झाला."

यंदा आमच्या कॉलेजने हॉलमध्ये जुन्या बातम्या आणि जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला आणि मी म्हणजे काय, उडालेच. मीटिंगमध्येच ओरडले, आत्याला बोलवू, ती तीच बातमी पुन्हा वाचेल आणि पडद्यामागून भोंगाकाका ट्रम्पेट वाजवत एन्ट्री घेतील! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंगाकाका फोनवर लगेच हो म्हणाले. आत्याला विचारायचं राहिलंच होतं.

"नको गं," ती म्हणाली.

"अगं आत्या, लोक हसतील!"

"हसतात म्हणूनच नको."

"तू पण ना, किती ताणतेस! इतकी वर्षं झाली."

ती भांडी घासत होती. नळ बंद केला, हात पुसले, आणि एखादी बातमी वाचावी तसं सरळ सांगितलं. केबलच्या मालकांचा एक नियम होता. कोण वारलं ते सांगायचं असेल तर आधी त्या घरी फोन करून खात्री करायची, मगच वाचायचं. त्या दिवशी ऑर्केस्ट्रातल्याच एकाचा रडत रडत फोन आला, भोंगा खलास. आत्याने भोंग्याच्या घरी फोन लावायला रिसीव्हर उचललासुद्धा.

"मग?"

"घरी तो आणि आई, दोघंच. म्हणजे फोन ती उचलणार. काय विचारू तिला? तुमचा मुलगा मेला का? मला नाही जमलं गं. ठेवला मी फोन."

आणि बातमी वाचली. भोंग्याची आई टीव्हीसमोर मटार सोलत बसली होती. तिने ती तिथे ऐकली.

अनवाणी पळत गेली म्हणे हॉस्पिटलपर्यंत, मागे अर्धी गल्ली. हा भाग पण किश्श्यात असतो आणि आम्ही इथे पण हसतो. नंतर तिने टीव्हीवर चादर टाकली ती मरेपर्यंत काढली नाही, हे मात्र किश्श्यात नसतं.

"मग तुम्ही लोकांनी दुसऱ्या दिवशी चूक झाली असं सांगितलं नाही?"

"मालक म्हणाले, चूक कबूल केली की उद्यापासून लोक चुकाच शोधत बसतील. बातम्यांआधी 'भोंग्याच्या फर्माइशीवरून' म्हणून त्याच्या ट्रम्पेटची धून वाजव, समजेल लोकांना जिवंत आहे ते. वाजवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी आजपर्यंत त्या घराची पायरी चढले नाही."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हटलं, मी कॅन्सल करते, आत्ता सगळ्यांना मेसेज टाकते. तर म्हणते, "राहू दे. येते मी."

हॉल खचाखच. आत्या तोच कोट घालून टेबलाशी बसली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यामागे भोंगाकाका ट्रम्पेट ओठाला लावून तयार. आत्याने माईक जवळ ओढला.

"नमस्कार. कालच्या बातम्यांमध्ये आम्ही एका वादकाच्या निधनाची बातमी दिली होती. ती खोटी होती." हॉल हसला. "ती वाचण्याआधी त्यांच्या घरी फोन करायचा नियम होता. मी केला नाही. त्यांच्या आईला ही बातमी माझ्या तोंडून ऐकावी लागली." मागे एकजण अजून हसत होता, त्याला कोणीतरी गप्प केलं. "चूक माझी होती. मी त्यांच्या आईची माफी मागते."

आमचा निवेदक कागद उलटेपालटे करत राहिला. एन्ट्रीची खूण मी द्यायची होती, माझा हात वर होईना. भोंगाकाका स्वतःच बाहेर आले, ट्रम्पेट खाली धरून. मला वाटलं आता मिठी वगैरे मारतील, सगळं गोड होईल. तसं काही झालं नाही.

"आईने ऐकायला हवं होतं हे," ते म्हणाले. माईकमध्ये नाही, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलं.

"हो," आत्या म्हणाली.

"फोन का नाही केलास? ती शेवटपर्यंत विचारायची. म्हणायची, त्या मुलीकडे आपला नंबर नव्हता का रे?"

आत्याने मान खाली घातली आणि त्यांच्या घरचा नंबर म्हणून दाखवला. न अडखळता, बातम्यांच्या आवाजात.

भोंगाकाका म्हणाले, "बंद झाला तो," आणि ट्रम्पेट न वाजवताच पायऱ्या उतरून गेले.