सेट कोणी जाळला

माझा धाकटा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, मुठा गावात राहतो. गावात त्याला 'फ्यूज' म्हणतात. आता वय झालं म्हणून 'फ्यूजआबा' म्हणतात. हे नाव का पडलं ते अलीकडेपर्यंत आजच्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते माझ्यामुळे पडलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणे मी चार पानं स्पीकरांबद्दल लिहीन आणि मुद्दा आला की हात दुखतो म्हणून थांबेन.

मला आवाजाचा शौक आहे. गाण्याचा नाही, आवाजाचा. दोन्हींत फरक आहे असं मी लोकांना समजावतो आणि लोक घड्याळ बघतात. सूसच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध एकच खुर्ची आहे, कारण दोन्ही स्पीकरांपासून सारखं अंतर नेमकं तिथंच येतं. पाहुणे भिंतीकडेला बसतात. बायको त्या खुर्चीला 'गादी' म्हणते. मागच्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वरच्या पट्टीतले बरेच आवाज मला आता येतच नाहीत. त्यानंतर पंधरा दिवसांत मी नवी केबल आणली आणि तिच्यामुळे वरच्या पट्टीत केवढा फरक पडला ते बायकोला ऐकवलं.

तर अशा माणसाला कळलं, की हिंजवडीकडच्या एका मोठ्या हॉटेलात हेडफोन आणि स्पीकरांचं प्रदर्शन भरतंय. एका पासावर दोघांना प्रवेश होता. बायको म्हणाली, "डोळे मिटून मान हलवणारा माणूस मला घरी बसून बघायला मिळतो. मी कशाला येऊ?" मेहुणा डोळे तपासून घ्यायला आमच्याकडे आला होता. तिनं त्यालाच माझ्याबरोबर धाडलं.

हेडफोनच्या दालनात आयटीतली पोरं रांगा लावून उभी होती. माझा नंबर आला तेव्हा मी एक जाडजूड हेडफोन चढवला, डोळे मिटले, मान हलवली. गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता काय सुरेख होती! काळीभोर, खोल. चांगल्या यंत्राची ओळख अशा शांततेवरूनच पटते. बऱ्याच वेळानं मेहुण्यानं खांद्याला हात लावला.

"दाजी, वायर खाली लोंबतीया."

हेडफोन कशालाच जोडलेला नव्हता.

मग आम्ही एका खोलीत गेलो. पलंग हलवून तिथं माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर मांडले होते, समोर खुर्च्यांच्या तीन रांगा. कंपनीच्या माणसानं एक अभंग लावला आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

दुसरं कुणी बोलायच्या आत मी बोललो. "काय पसरलेला आवाज आहे! गाणारा सगळ्या खोलीभर आहे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मागून मेहुणा म्हणाला, "खोलीभर हाय म्हंजी कुटंच न्हाई."

मी त्याला गप्प राहायची खूण केली. तो कंपनीच्या माणसाकडे बघून पुढे म्हणाला, "सायेब, एक कर्णा उलटा जोडलाय. एक भाईर ढकलतोय, दुसरा आत वढतोय. गानारा मधी उभा पायजे. त्यो भिंतीला चिकटलाय."

तो माणूस हसत हसत स्पीकरांच्या मागे गेला आणि न हसता परत आला. डाव्या स्पीकरची लाल आणि काळी तार उलटसुलट लागली होती. ती सरळ केल्यावर गाणारा खरोखरच मध्ये येऊन उभा राहिला. माझ्यासारख्यालासुद्धा कळलं.

"काका, तुम्ही याच लाइनमध्ये होता का?" त्यानं मेहुण्याला विचारलं.

"छ्या. मी सेट जाळनारा हाय. आमच्या गावात कुनालाबी इचारा. तीस वर्सं झाली, माइकला हात लावू देत न्हाईत."

खोलीतले सगळे हसले. मेहुणाही हसला. मी स्पीकरांचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. ते मी उलटं धरलं होतं.

तीस वर्षांपूर्वी मुठ्यात सप्ताह होता. भजनी मंडळाचा सेट, म्हणजे ॲम्प्लिफायर, माइक आणि देवळावरचे दोन कर्णे, मेहुण्याच्या ताब्यात असे. तो सेटवर स्वतःच्या हातानं शिवलेली खोळ घालायचा. मी शहरातला जावई आणि आवाजाची मासिकं वाचणारा. त्या कर्ण्यांमागे ठोकळ्याएवढा एकेक ट्रान्सफॉर्मर असे. ट्रान्सफॉर्मरमुळे आवाज मळतो असं मी वाचलं होतं. काल्याच्या कीर्तनाच्या सकाळी मेहुणा आंघोळीला गेला, तेव्हा मी शिडी लावून दोन्ही ठोकळे काढले आणि तारा थेट कर्ण्यांना जोडल्या. ते ठोकळे ॲम्प्लिफायरवर भार येऊ नये म्हणून असतात, ही माहिती बहुधा मासिकाच्या पुढच्या अंकात होती.

कीर्तन सुरू झालं. पाच मिनिटं आवाज खरंच स्वच्छ होता. हे मी अजूनही सांगतो, त्यावरून माझा स्वभाव ओळखा. मग सेटमधून धूर निघाला. महाराजांचं तोंड हलत राहिलं, आवाज गेला. सगळं गाव सेटशेजारी बसलेल्या मेहुण्याकडे बघायला लागलं. सासरे माझ्याकडे वळले, कारण जाणकार मीच.

"काय झालं हो, जावईबापू?"

मी म्हणालो, "आवाज फार वाढवला असेल त्यानं."

'वाढवला' म्हणालो नाही. 'वाढवला असेल' म्हणालो. त्या 'असेल'च्या आडोशाला मी तीस वर्षं बसून आहे. खोटं कुठं बोललो, फक्त शक्यता सांगितली. दुपारी पंगत बसली तेव्हा मी ठोकळे गुपचूप जागेवर बसवले. मंडळानं सेट मेहुण्याकडून काढून घेतला आणि दिवाळीपर्यंत गावानं त्याला नाव दिलं. त्याच्या लेकीच्या लग्नात व्याही मंडळीसुद्धा त्याच नावानं हाक मारत होती. मी तिथं जिलबी वाढत होतो.

हॉटेलच्या चहाच्या टेबलाशी मी त्याला सगळं सांगितलं. शिडी, ठोकळे, पंगत. तो बिस्किट चहात बुडवत होता. ते तुटून कपात पडलं. त्यानं काढलं नाही.

"लई इचार केला दाजी तवा," तो म्हणाला. "बटनाला हात लावल्याचं आठवत न्हवतं. मग म्हनलं, एवढा शिकलेला मानूस सांगतोय म्हंजी लागला असंल."

गावाला फसवलं एवढंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यालाही पटवून बसलो होतो, हे मला त्या टेबलाशी कळलं.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"हितं?" त्यानं हॉटेलभर नजर फिरवली. "हितं मला फ्यूज कोन म्हनतंय? तितं सांगा. माइकवर."

पुढच्या एकादशीला संध्याकाळच्या भजनाआधी मी मुठ्याच्या देवळात माइकसमोर उभा राहिलो. भाषण लिहून नेलं होतं, दोन पानी. "मंडळी, तीस वर्षांपूर्वी," एवढं म्हणालो आणि माइकनं जी शिट्टी मारली, ती वरच्या पट्टीतली असूनही मला ऐकू आली. मंडळाचे चिटणीस एकेक बटण पिळू लागले. शिट्टी वाढली. बायका कानांवर हात घेऊन हसत होत्या. मेहुणा मागे खांबाशी बसला होता, हात मांडीखाली घेऊन. शेवटी त्याला राहवलं नाही. तो उठला, माइकच्या समोर आलेला स्पीकर त्यानं भिंतीकडे फिरवला, एक बटण जरासं उतरवलं. शिट्टी थांबली. तो सेटशेजारी बसला. त्याला कुणी अडवलं नाही.

"आता बोला."

मी कागद बघून वाचलं, "त्या वेळी सेट जळला, त्यात माझ्याकडूनही काही चूक झाली असेल..."

"असंल न्हाई, दाजी."

हे माइकनं उचललं आणि देवळावरच्या कर्ण्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं. मी कागद खिशात घातला.

"सेट मी जाळला," मी म्हणालो. "त्यानं बटणाला हात लावला नव्हता. मी खोटं बोललो."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "आन् आमी इतकी वर्सं ह्याला फ्यूज म्हनलो त्ये?"

"त्ये आता दाजींना म्हना की," बायकांतून कुणीतरी म्हणालं आणि सगळं देऊळ हसलं. मेहुणा हसला नाही. तो उपरण्यानं सेटवरची धूळ पुसत होता.

पोरं अजून त्याला फ्यूजआबाच म्हणतात. त्यांना दुसरं नाव ठाऊक नाही, आणि माझ्या एका भाषणानं ते पुसलं जाणार नव्हतं. मात्र सेटच्या कपाटाची किल्ली आता त्याच्या करगोट्याला असते. परवा गेलो तेव्हा मी सहज सेटकडे वाकून बघत होतो.

"दाजी, तुमी मागं बसा. वायरीपासनं लांब."

मी मागे, चपलांजवळ बसतो. तिथून कर्ण्याचा आवाज जरा पत्र्यासारखा येतो. ट्रान्सफॉर्मरमुळे असेल.