दातेरी रुळांचे साडू

आमच्या साडूंनी सपाट जमिनीला कधी जमीन मानलंच नाही, आणि देवाने त्यांना बावीस वर्षं नोकरी दिली ती जपानमधल्या त्सुकुबात, जिथे सोडून दिलेली सायकलसुद्धा आपणहून घरंगळत नाही. संशोधन यंत्रांच्या झिजेवर, पण जीव जडला फ्रान्समधल्या लिऑनच्या मेट्रोवर. तोही सबंध मेट्रोवर नव्हे, तिच्या पाच स्टेशनांच्या एका चिमुकल्या मार्गावर. त्याचा चढ इतका उभा की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि गाडीखालचं चाक तिच्यात दात रोवत वर जातं. हे समजावायला साडू टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या माझ्या किराणा दुकानात विकायच्या फण्या एकमेकींत अडकवून दाखवत. "शेठ, बाकीच्या गाड्या धावतात. ही चढते." पोहे न्यायला आलेल्या बाईंना हे ऐकल्याशिवाय पोहे मिळत नसत.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही कुटुंबं युरोपला गेलो. ट्रॅव्हलवाल्याशी तीन आठवडे भांडून मी स्वित्झर्लंडच्या बर्फाचा एक दिवस जादा पदरात पाडून घेतला होता. निघायच्या सकाळी लिऑनमध्ये साडू "पाच मिनिटांत येऊ" म्हणून मला घेऊन गेले आणि तो मार्ग त्यांनी अकरा वेळा वरखाली केला. हॉटेलचा पत्ता त्यांच्याच खिशात, म्हणून मीही केला. बस गेली. बायकांनी बर्फ पाहिला, मी फलाट पाहिला. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. "तुझी बहीण येऊ दे, तिचे यजमान नकोत," असं बायकोला बजावून ठेवलं.

या वसंतात ते कायमचे पुण्याला निघाले. शेवटच्या रविवारी दुकानात येऊन, जणू कालच भेटलो होतो अशा थाटात म्हणाले, "टोकियोत एका बागेत टेकडीवर चढणारा छोटा डबा आहे. दातेरी. दोन मिनिटांचा. येता?"

"बस चुकेल."

"फुकट आहे, शेठ."

फुकटात घासाघीस कशी करणार? गेलो. साडू डोळे मिटून खालचा आवाज ऐकत बसले. वर पोचता पोचता म्हणाले, "तुमचा बर्फ बुडतोय हे मला कळत होतं. पण ती गाडी पुन्हा मिळणार नव्हती."

माफी मागायची ही काय पद्धत? मी तोंड सोडणार, तोवर दार उघडलं. खाली परत आलो आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो तो मीच.

आता सोमवारी दुकान बंद असलं की मी तिथे जातो. पुण्याहून साडू विचारतात, "आवाज तसाच आहे?" बर्फाचं मी विसरलेलो नाही, हे त्यांना आधी ऐकवतो. मग वाकून फोन डब्याच्या तळाशी धरतो. शेजारचे जपानी आजोबा बघत राहतात. वर पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोलत नाही.