त्या दिवशीची सर्दी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि राजघाटावर रोज सकाळी माझ्याबरोबर बसून अख्ख्या बुऱ्हाणपूरची कुलंगडी उकरणाऱ्या मित्रमंडळींना तर नाहीच नाही. त्यांना सांगितली असती तर दुपारच्या जेवणाआधी शनवाऱ्याच्या चौकात पोचली असती. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

आधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. हसू नका, गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी इथल्या एका दवाखान्याच्या लॅबचा प्रमुख होतो. काम जंतू ओळखायचं. झाकणाची एक चपटी बशी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यात जेलीसारखं खाद्य असतं. त्यावर रुग्णाचं रक्त किंवा लघवी पसरायची, उबेला ठेवायची, की जंतूंचे ठिपके उमटतात. मग त्यांचं नाव शोधायचं. लोक त्यासाठी दहा तपासण्या करत. मी झाकण उचलायचो, एकदा हुंगायचो आणि नाव सांगायचो. एका जंतूला पिकल्या द्राक्षांचा वास येतो, दुसऱ्याला उतरलेल्या मासळीचा. आणि एक तर असा, की शाहपूरच्या केळीच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटावं. तपासण्या नंतर माझ्याच बाजूने निकाल द्यायच्या. नवे डॉक्टर खास बघायला यायचे. मला ‘नाकवाले भाऊ’ म्हणायचे. आवडायचं का? अहो, फार आवडायचं.

लॅबमध्ये माझ्या हाताखाली कमल होती. शाहपूरची, घरी केळीच्या बागा, तोंडाची फटकळ आणि कामाला वाघीण. ती म्हणायची, “भाऊंच्या नाकाचा बीमा काढा रे कोणी, एखाद दिवस सर्दी झाली तर दवाखाना बंद पडायचा!” — हा तिचा विनोद लक्षात ठेवा. मी तो फार वाईट रीतीने खरा केला.

मग तो काळ आला. जंतू मुद्दाम पसरवून माणसं मारता येतात, अशी धास्ती सगळीकडे पसरली, आणि आमच्यासारख्या लॅबवाल्यांना शिकवायचं ठरलं. मला भोपाळला पाठवलं. तिथल्या मोठ्या लॅबच्या मॅडम फार छान शिकवायच्या. म्हणाल्या, असा हल्ला पाटी लावून येत नाही. तो आधी दिसेल तो तुमच्याच लहानशा लॅबमध्ये, कुठल्यातरी साध्या तापाच्या माणसाच्या प्लेटवर. तुमचं काम त्याचं नाव शोधायचं नाही. शंका आली की थांबायचं, झाकण लावायचं, टेप मारायची आणि आम्हाला फोन करायचा. जन्मभर नावं ओळखून मिरवलेल्या माणसाला ‘ओळखू नका, थांबा’ म्हणणं — जमणार होतं का ते?

आणि पहिला नियम : प्लेट कधीही नाकाला लावायची नाही. यातले काही जंतू श्वासावाटे आत शिरतात. हे सांगताना मॅडम माझ्याकडेच बघत होत्या, असं मला वाटलं. माझी कीर्ती भोपाळपर्यंत गेली असेल, या कल्पनेने मी — काय सांगू — थोडा खूषच झालो.

परत येऊन मी सगळ्यांना शिकवलं. उबेच्या पेटीवर मार्करने मोठ्या अक्षरांत स्वतः लिहिलं, ‘नाक दूर ठेवा’. कमलने ते वाचलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “भाऊ, हे म्हणजे दारुड्यानं दारूबंदीवर भाषण दिल्यासारखं झालं.” सगळी लॅब हसली. मीही हसलो.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

खकनारकडचा एक शेळ्या पाळणारा माणूस दवाखान्यात पडून होता. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. त्याच्या रक्तातून बरेच दिवस काहीच वाढेना. आणि मग एका सकाळी प्लेटवर ठिपके दिसले. बारीक, दवासारखे. संथ वाढ, बारीक ठिपके, जनावरांजवळचा माणूस, हटत नसलेला ताप — भोपाळला नेमकं हेच शिकवलं होतं. इथे थांबायचं. मला कळलं नाही असं समजू नका. पूर्ण कळलं होतं.

मी झाकण उचललं आणि हुंगलं.

वास आला नाही. काहीच नाही. माझ्या नाकाला उत्तर सापडलं नाही, हे इतकं झोंबलं म्हणून सांगू! मी कमलला हाक मारली. म्हणालो, “जरा बघ गं याचा वास, मला सर्दी झालीये.”

तिने पेटीवरच्या माझ्याच अक्षरांकडे बोट दाखवलं. “हे काय लिवलंय मग?”

“अगं, ते ट्रेनिंगला येणाऱ्यांसाठी आहे. तू काय नवीन आहेस?”

तिने वास घेतला. प्रमुख सांगतोय म्हटल्यावर काय करणार होती? “पाणी आहे नुसतं, भाऊ,” म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे वळली.

मग मी नियमाने झाकण लावलं, टेप मारली, भोपाळला फोन केला. उत्तर आलं — ब्रुसेला नावाचा जंतू. धास्तीच्या यादीतला, पण इथे कुणी शत्रू वगैरे नव्हता. त्या माणसाला तो त्याच्या शेळ्यांकडून, कच्च्या दुधातून लागला होता. दहशतवादी निघाली ती शेळी! आम्ही पोट धरून हसलो. वेळेत शंका घेतल्याबद्दल माझं वर कौतुक झालं.

काही आठवड्यांनी कमलला ताप भरला. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली. तोच जंतू निघाला. औषधं लांबली, रजा लांबली. आणि मला? साधी शिंकसुद्धा आली नाही. आधी मी हुंगलं होतं, तिच्यापेक्षा खोल.

भोपाळच्या मॅडम चौकशीला आल्या. प्लेट उघड्या टेबलावर कुणी उघडली, नाकाला कुणी लावली? कमल तेव्हा शाहपूरला घरी पडून होती. मी म्हणालो — शांतपणे म्हणालो, जीभ जरासुद्धा अडखळली नाही — “लाख वेळा सांगितलं मॅडम, पण कमलबाईंना हुंगायची सवयच आहे. जुनी सवय.”

झालं. एवढंच वाक्य. मॅडमनी मान हलवली, चहा घेतला, आमच्या मावा जिलेबीची तारीफ केली आणि गेल्या.

पुढे मला जिल्ह्यातल्या लॅबना शिकवायचं काम मिळालं. माझी जागा कमलला मिळायची होती, सगळे तसंच धरून चालले होते. ती मिळाली नाही. ‘सवय’ आड आली. जागा तिनेच शिकवून तयार केलेल्या एका पोराकडे गेली. नोकरी सोडून तिने शाहपूरला स्वतःची लहानशी लॅब काढली. त्या प्लेटबद्दल तिने कुणापाशी तोंड उघडलं नाही. का नाही, मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

इथे थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी शिक्षक झालो होतो ना! शिकवताना किस्सा लागतो. जंतूंची नावं ऐकून पोरं पेंगायला लागली की मी सांगायचो, “आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांना प्लेट दिसली की नाक आवरायचं नाही...” मी नकला करायचो. झाकण उचलायचो, डोळे मिटायचो, अत्तर हुंगल्यासारखा चेहरा करायचो. वर्ग हसून लोटपोट व्हायचा. नियम मात्र कायमचा लक्षात राहायचा. हुंगणारी म्हणून पोरांनी तिचं हिंदीत नाव पाडलं — सुंघनीबाई. नेपानगरपासून खकनारपर्यंत जी लॅब बघाल तिथे सुंघनीबाई ठाऊक. ती नक्कल कुणाची होती, सांगू? डोळे मिटून हुंगायची सवय कमलला कधीच नव्हती. ती माझी.

मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या लॅबवाल्यांचं पुन्हा ट्रेनिंग होतं. मी निवृत्त, पण किस्सेवाला म्हणून बोलावणं येतंच. चहाच्या आधी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, वो सुंघनीबाईवाला किस्सा सुनाओ ना!” मी सांगितला. नकलेसकट. वर्ग हसला, आणि मागच्या रांगेतून एक हसू सगळ्यांच्या वर आलं. ओळखीचं, खणखणीत.

कमल. केस पांढरे, चष्मा जाड. आपल्या लॅबमधल्या दोन मुलींना घेऊन आली होती.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. थोडी लंगडत — कंबर अजून दुखते म्हणे. ताटलीतली जिलेबी माझ्या हातावर ठेवली. तिच्या मुली शेजारीच उभ्या होत्या.

“भाऊ,” तिने हसत विचारलं, “ती सर्दी बरी झाली का मग तुमची?”

सांगायला किती सोपं होतं. दोन शब्द. ऐकायला माणसंही समोर होती, नेमकी ज्यांनी ऐकायला हवं ती.

मी म्हणालो, “हो, हो, झाली की.”

ती हसली. मुलींना म्हणाली, “चला गं, बस निघेल.” मुली जाता जाता मला वाकून नमस्कार करून गेल्या. एकीने दुसरीला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, “सुंघनीबाई सच्ची में थी क्या?”

नव्हती. सुंघनीबाई कधीच नव्हती. नाक माझं होतं, हाक माझी होती, आणि त्या सकाळी मला सर्दी झालेली नव्हती.