इतरांनी गप्प राहावे

माझ्या नवऱ्याच्या मामांनी आजवर एकही वस्तू नुसती विकत घेतलेली नाही. ते वस्तूंच्या परीक्षा घेतात आणि ज्या पास होतात त्या घरी येतात. त्यामुळे त्यांच्या धारगळच्या घरात वस्तू मोजक्या आणि सगळ्या धडधाकट. छत्री घ्यायची तर दुकानामागच्या नळाखाली ती उघडून उभे राहतात. मिक्सर घ्यायला गेले ते पिशवीत खवलेला नारळ, सुक्या मिरच्या आणि धणे घेऊन. वाटण कितपत बारीक झालं हे दुकानातल्या अनोळखी गिऱ्हाइकांना बोटावर देऊन विचारलं. छताचा पंखा निवडताना एकेका पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. तिसऱ्याखाली झोप लागली, तोच घेतला. दुकानदार कुरकुरला तेव्हा म्हणाले, "तुका फकत विकूचो आसा. माका त्याच्याखाली वीस वर्सां निजाचा आसा."

वस्तू घरी आली की दुसरा सोहळा सुरू होतो. तिच्यासोबतचं इंग्रजी माहितीपत्रक मामा मराठीत उतरवून काढतात. जन्म सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेला, त्यामुळे भाषाही तिथलीच. कुकरच्या वहीत लिहिलं आहे, 'शिट्टी होत असता झाकण उघडण्याचे धाडस कोणीही करू नये.' महत्त्वाचं वाक्य असेल तर खाली लाल रेघ. मामी एकदा मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर पत्रक येवक नाय गो, म्हणान अजून मी ह्येंका कळलंय नाय."

तिसरी गोष्ट म्हणजे बोलणं. तरुणपणी मामा गावच्या दशावतारात काम करायचे. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कोणतं आख्यान करायचं ते ठरवायचं, रंग लावायचा, आणि उभं राहून सुचेल ते बोलायचं. मामा नेहमी राजा व्हायचे, आणि त्यांना फार सुचायचं. राक्षस विंगेत ताटकळत उभा असायचा आणि राजा आपल्या राज्यातल्या पाटाच्या पाण्याबद्दल बोलत असायचा. रंग उतरला, बोलणं उतरलं नाही.

आता माझ्या मुलीकडे येते, कारण ही गोष्ट तिच्यामुळे घडली. रेवा अकरा वर्षांची. घरात बापाला बोलू देत नाही, पण बाहेरचं एक माणूस आलं की तोंडाला कुलूप. गावच्या शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की शेजारी बसणारी दुर्वा तिचं उत्तर द्यायची. बाईंनाही त्याची सवय झाली होती. पण जूनपासून रेवा पेडण्याच्या मोठ्या शाळेत जाणार होती आणि दुर्वा डिचोलीला तिच्या मावशीकडे. पेडण्यात हिच्यासाठी कोण बोलणार? मी उगाच काळजी करत बसणाऱ्यातली नव्हे, पण जूनपर्यंतचे दिवस बोटांवर मोजायला लागले.

पुण्याच्या माझ्या भाच्याने फोनवर एक उपाय सुचवला. टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, कुठे अडलं की फासा टाकायचा. लाजरी मुलंसुद्धा त्यात बोलायला लागतात म्हणे. 'म्हणे'वर माझा विश्वास नसतो, पण मे महिना अर्धा सरला होता. माझी चूक एवढीच की हे मी मामांसमोर बोलले.

"खेळ मी निवडतंय," मामा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पणजीला गेले.

तिथल्या एका दुकानात असे खेळ मिळतात. मामा तिथे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मीही सोबत होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. काउंटरवरच्या मुलीने त्यांना बघताच न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. मला वाटलं, केवढी आदबशीर मुलगी. मामांनी खिशातून मिठाची पुडी काढली, सगळं मीठ पाण्यात ढवळलं आणि त्यात वीस बाजूंचा फासा सोडला. फासा तरंगला. मग ते बोटाने टिचकी मारून तो फिरवत राहिले. "परत परत तोच आकडो वर इलो तर फासो एका बाजून जड," त्यांनी मला समजावलं. मुलगी म्हणाली, "काकी, आमचे सगळे फासे ह्यांचे बुडवून झालेत."

पण मामांची खरी परीक्षा एकाच प्रश्नाची होती. प्रत्येक खोका उघडायला लावून ते विचारत, "ज्याचो फासो वायट पडलो, त्याचा पुढे काय होता?"

ड्रॅगनवाल्या मोठ्या खोक्याबद्दल मुलगी म्हणाली, "मरतो काका. मग तो खेळ संपेपर्यंत बसून बघतो."

"नको. बसान रवाचा तर आमचा चेडू, रेवा, शाळेत बसताच हा. त्याका खेळ कित्याक व्हयो?"

मी मामांकडे पाहिलं. इतके दिवस मी त्यांच्या फेऱ्यांवर हसत होते. आम्ही बाकीचे खोक्याच्या चित्राकडे आणि किमतीकडे बघणारे. ह्या माणसाने नेमकं कुठे बघायचं ते पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

भुताच्या घराचा खेळ पुस्तक जाड म्हणून बाद झाला, जरी ते उतरवून काढायच्या कल्पनेने मामांचे डोळे क्षणभर चमकले होते. शेवटी पास झाली ती एक पातळ पुस्तिका. जंगलातले छोटे प्राणी आपलं बिऱ्हाड घेऊन नदीपलीकडे निघालेत, एवढीच गोष्ट. तिच्यात वाईट फासा पडला की कोणी मरत नाही. पुढे काय बिघडलं, ते फासा टाकणाऱ्यानेच सांगायचं.

"म्हणजे पडलो तोच बोलतलो," मामा म्हणाले. "बांध गो ह्यो."

पुढच्या रविवारी आमच्या बाल्कांवात, म्हणजे ओट्यावरच्या बाकांमध्ये, मेज मांडलं. रेवा, दुर्वा आणि समोरच्या घरात नव्याने राहायला आलेली ईशा. तिचे वडील सावंतवाडीकडचे, ट्रक चालवतात. ईशा जूनपासून पेडण्याच्या त्याच शाळेत जाणार होती, म्हणून मीच तिला बोलावून आणलं होतं. तिला बघताच रेवाच्या तोंडाला कुलूप लागलं. गोष्ट पुढे नेणार अर्थात मामा. हातात नियमांची मराठी वही.

त्यांनी सुरुवात केली. उंदीर, खार आणि मुंगूस नदीकाठी आले, तोच तिथे एक राजा उगवला. पुस्तिकेत राजा नव्हता. राजा पाटाच्या पाण्याबद्दल बोलू लागला. मग एक होडी आली, होडीवाला आला, तोही बोलू लागला. अर्ध्या तासात पोरींना तीन वाक्यं मिळाली, तीही दुर्वाने घेतली. शेवटी रेवाचा उंदीर होडीत चढला. तिने फासा टाकला. दोन.

"अरे अरे!" मामा म्हणाले. "आता होडीक पडला भोक, आणि..."

रेवाने त्यांच्यापुढची वही ओढली, पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं आणि वही परत त्यांच्यासमोर सरकवली. मामांनी चष्मा वर केला. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच लाल रेघेवर लिहिलं होतं, 'ज्याचा फासा कमी पडेल, पुढे काय बिघडले ते त्यानेच सांगावे. इतरांनी गप्प राहावे.'

मामांनी वही मिटली. तोंडही.

दुर्वाने सवयीने रेवासाठी तोंड उघडलं. मामांनी तिच्यापुढे पंजा धरला. माझ्याकडून "सांग ना बाळा" निघणार होतं, तेवढ्यात तोच पंजा माझ्याकडे वळला. पाववाल्या पदेराची सायकल भोंपू वाजवत फाटकापाशी आली, थांबली, पाव घ्यायला कोणी उठत नाही म्हटल्यावर निघून गेली. ईशा रेवाकडे बघत होती. मामांचं तोंड इतका वेळ बंद असलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"होडीला भोक नाही पडलं," रेवा मेजाकडे बघत म्हणाली. आवाज एवढासा. "होडीवाला खूप बोलत होता. म्हणून वाट चुकली."

ईशा फिसकन हसली. दुर्वा हसली. सगळ्यात मोठ्याने मामा हसले, इतके की त्यांच्याबरोबर आलेल्या मामी आतून धावत आल्या. "मगे?" हसू ओसरल्यावर ईशाने रेवाला विचारलं. "मगे खंय पोचलो आपण?" आणि रेवाने सांगितलं.

ती शाळेत आता फार बोलते, असं मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात हजेरीच्या वेळी तिने स्वतः 'हजर' म्हटलं, हे ईशाने मला घरी येऊन सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि तिच्या हातावर लाडू ठेवले, दोन.

रविवारचा खेळ चालूच आहे. पोरी पाच झाल्यात. दुर्वाही सुट्टीला आली की बसते. गोष्ट आता रेवा पुढे नेते. मामांना तिने होडीवाला केलंय, आणि नदी, मामांच्या बोलीत न्हंय, आल्याशिवाय होडीवाल्याने बोलायचं नाही असा नवा नियम वहीत त्यांच्याकडूनच लिहून घेतलाय. लाल रेघेसकट. मामा दहाच्या बसने धारगळहून येतात आणि बाल्कांवाच्या कडेला फासा मुठीत धरून बसतात. गेल्या रविवारी गोष्ट सारखी डोंगरातूनच फिरत होती. दीड तास झाला, एकही नदी नाही. शेवटी मी म्हटलं, "मामा, आत या, चहा तरी घ्या."

"रव गो," मामा मुठीतला फासा न सोडता हळूच म्हणाले. "न्हंय खंय तरी येतलीच."