नळाचा खोकला

चहा घ्या आधी. बशीत ओता, गार होऊ द्या. कारण मी जो घोळ घातलाय, तो ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

गोष्ट गेल्या महिन्यातली. आमची चाळ अंधेरी पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी. अंगणात एकच नळ, आणि पहिल्या मजल्यावर नळाच्या बरोब्बर डोक्यावर आमची खोली. माझी आणि दादाची. आता नुसती माझी. दादाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. कावीळ. पुढचं विचारू नका, मला सांगता येत नाही.

दादा गोरेगावला स्टुडिओत होता. लांब काठीला माईक लावून नटांच्या डोक्यावर धरायचा, ते काम. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस काय करायचा? रेकॉर्डिस्टसाहेबांकडून जुनं मशीन मागून आणायचा आणि चाळीचे आवाज भरायचा! नळ. जिना. पिठाची गिरण. बनेमामांचं दार, जे उघडताना बाळंतिणीसारखं कण्हतं.

लोक म्हणायचे, "वशा येडा झाला. बाया पाणी भरतात आणि हा नळाला माईक दाखवतो!"

नळाजवळ घोट्याएवढा चिखल. त्यात तासभर उभा राहायचा. बरं, नळावरच पाय धुवावेत, तर शेवंताकाकू धुऊ देते होय? पिण्याच्या पाण्याची रांग! मग काम झालं की दादा खालून शीळ घालायचा. दोन लांब, एक आखूड. मी घरातला तांब्या घेऊन जिना उतरायचो आणि त्याच्या पायांवर पाणी ओतायचो. हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

एकदा मी म्हटलं, "दादा, नळ काय गाणं म्हणतो का रे?"

"पक्या, डोळे मीट," तो म्हणाला. "आता सांग, काकूचा हंडा किती भरला?"

मी ऐकलं. आणि शप्पथ सांगतो, सांगता आलं! अर्धा... पाऊण... गळ्याशी आला! चौथी नापास माणूस मी. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पास झालो.

त्याच्या मनात एकच होतं. जिथला आवाज, तिथेच स्पीकर ठेवून चाळीला ऐकवायचा. "घरात वाजवला तर नुसती कॅसेट," म्हणायचा. "जागेवर वाजवला, तर आपण कुठे राहतो ते लोकांना कळेल." ते राहून गेलं.

आणि साहेबांचा निरोप आला. रविवारी पाच वाजता मशीन न्यायला येतो. म्हणजे रविवारपर्यंत चाळीने ऐकलं तर ऐकलं. नाहीतर वशा येडा तो येडाच. कायमचा!

मी काय गप्प बसणार? दारोदार जाऊन सांगितलं, रविवारी चार वाजता अंगणात या, दादाचे आवाज ऐकवतो. सतरंज्या घातल्या. सव्वाचार झाले. आलं कोण? एक कुत्रा. तोही सतरंजीवर झोपायला.

लोकांचंही बरोबर होतं म्हणा. नाक्यावर मोठा पाइप फुटलेला, दोन दिवस नळाला टिपूस नाही. सगळ्यांची डोकी तापलेली.

पण माझं डोकं सटकलं. येत नाही ना? मग घरबसल्या ऐका! नळाच्या कठड्यामागे दादाने माईकच्या जागेवर खडूने फुली मारून ठेवली होती. तिथे स्पीकर ठेवला, वायर वर गॅलरीत घेतली आणि त्याची सगळ्यात लाडकी कॅसेट मशीनमध्ये घातली. वर त्याचं अक्षर: 'नळ. सकाळ. मार्च ८६.'

दोन दिवस तहानलेली चाळ, आणि मी वाजवतोय नळ! विचार केला का मी? छे! विचार आणि मी एका खोलीत राहत नाही.

आमचा नळ कसा येतो, ठाऊक आहे? आधी खोकतो. ख्खॉ... ख्खॉ... मग फुस्सकन वारा सोडतो, मग धार. वरातीचा बँड दारात वाजला तरी आमची चाळ उठायची नाही, पण त्या खोकल्याला ताडकन उठते.

मी बटण दाबलं. स्पीकर खोकला.

"पाणी इला गो, पाणी इला!" शेवंताकाकूची आरोळी!

धाड धाड दारं उघडली. हंडे, बादल्या, टोप, कुणाच्या हातात तर अख्खा कुकर! बनेमामा अर्ध्या गालाला साबण लावून दाढीचा मग घेऊन धावले. कुत्रा सतरंजी सोडून पळाला.

काकू पहिली. हंडा नळाखाली लावला. आवाज धो धो. काकूने आत हात घातला, तर कोरडा ठाक!

"पाणी वाजता, पण पडणा नाय!"

"हंडा तिरका धर, काकू," बनेमामा म्हणाले.

"तिरको तुझो गाल! आधी साबण पूस!"

तेवढ्यात स्पीकरमधून एक बाई कडाडली, "ए, नंबर माझो! बादली मागे घे!"

काकू गर्रकन वळली. "कोण गो ती? नंबर माझो!"

"पहाटेपासून उभी आसंय मी!" स्पीकर म्हणाला.

"मी लगीन होवन इलंय तेव्हापासून उभी आसंय!" काकू म्हणाली.

"जीभ बघ केवढी!"

"तुझी बघ, भवानी! तोंड दाखव आधी!" काकूने पदर खोचला.

बनेमामा हळूच म्हणाले, "काकू... ती तूच आहेस."

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. वर मी. हसू दाबून दाबून लाल झालेला.

"पक्या, मेल्या, खाली ये! पाठ सोलतंय तुझी!"

"दोन दिवस पाणी नाही आणि मस्करी करतो?"

"ती वायर उपटा रे!"

बनेमामा खरंच वाकले. माझं हसू पळालं. "मामा, हात लावू नका!" मी ओरडलो. "दादाचं आहे ते!"

आणि फाटकातून साहेब आत आले. त्यांनी एक बोट वर केलं, बस. स्टुडिओतली सवय असेल. एवढं भांडण, पण चाळ गप्प!

साहेबांनी थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "वसंताने भरलंय?"

"हो साहेब!" मी वरून.

"चालू ठेव. इतकी वर्षं आवाज भरतोय मी. पण ऐकून लोक हंडे घेऊन धावले, असं माझ्या हातून कधी झालं नाही."

मग काय विचारता! सगळे कान देऊन उभे राहिले.

"ही माझी बादली. कडी सैल आहे ना, ती वाजतेय."

"मागे गिरण ऐकलीस? बंद होऊन वर्ष झालं असेल, नाही?"

काकूने डोळे मिटले होते. एकदम म्हणाली, "हंडो भरलो." आणि त्याच क्षणाला कॅसेटमधलं पाणी हंड्याच्या काठावरून सांडलं! "वशान बरोबर धरल्यान रे," ती म्हणाली. तिच्या तोंडून! येडा म्हणणाऱ्यांत पहिला नंबर तिचाच होता!

माझी छाती अशी फुगली की गॅलरीचा कठडा मोडायचा. माझा भाऊ! खाली उभे आहेत ना सगळे, ते माझ्या भावाला ऐकतायत!

पाण्याची धार बारीक झाली. थेंब थेंब. आणि खाली नळापाशी शीळ वाजली.

दोन लांब, एक आखूड.

कॅसेट मीच घातली होती. बटण मीच दाबलं होतं. पण पायांना हे कोण सांगणार?

"आलो रे दादा!"

घरात पाणी उरलं होतं तेवढं एका तांब्यात. तो उचलला, जिना तीन उड्यांत उतरलो, माणसं बाजूला सारत नळापाशी पोचलो, आणि पाणी ओतायला वाकलोसुद्धा.

समोर स्पीकर. गप्प. कॅसेट संपली होती.

साहेब चष्मा पुसत बसले. मी तसाच, तांब्या तिरका धरून.

शेवटी काकू पुढे आली. माझ्या हातातला तांब्या सरळ केला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पक्या, आमी रिकामे हंडे घेवन फसलाव. तू मेल्या, भरलेलो तांब्यो घेवन फसलस!"